राखीव फळीतला तरुण खेळाडू गेला, तर संघाचे नेमके काय गेले?

फोंड्याच्या आपल्या मित्रमंडळाकडून आलेला प्रश्न मला असा समजला आहे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या आपल्या आवडत्या संघाने सराव शिबिर संपता संपता २३ वर्षांच्या एका विंगरला, म्हणजे कडेने खेळणाऱ्या फॉरवर्डला, वेव्हरवर ठेवले, म्हणजे बाकीच्या संघांपुढे फुकट उचलण्यासाठी मांडले, २४ तासांच्या आत दुसऱ्या संघाने त्याला उचलले, आणि त्या दिवसापासून आपल्यात दोन तट पडले आहेत. एका तटाच्या मते जनरल मॅनेजरने घरात वाढवलेला मुलगा फुकट दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडला. दुसऱ्या तटाच्या मते चार हंगामांत ४१ सामने आणि ३ गोल एवढीच ज्याची कमाई, त्याच्यासाठी एवढा गळा काढण्याचे कारण नाही. आपल्यापैकी एकाचे बंधू टोरांटोजवळ नोकरीला असल्यामुळे हा नाद मंडळाला लागला, आणि हिवाळ्यात तिथल्या संध्याकाळी सातच्या सामन्यासाठी आपण इथे पहाटे साडेपाचला टीव्हीसमोर बसता, हेही आपण लिहिले आहे. मी बर्फावर कधी उभा राहिलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी सगळी उमेद म्हापशाला मैदानी हॉकीचे संघ बांधण्यात गेली. तरीही बाकावर कोणाला बसवायचे, किती दिवस बसवायचे आणि तो उठून गेला तर कोणाला जाब विचारायचा, हा हिशेब बर्फावर आणि टर्फवर फारसा वेगळा नसतो.

माझे मत आधी देतो, कारणे मागून येतील. तो मुलगा त्या २४ तासांच्या कितीतरी आधी आपल्या संघातून गेला होता, आणि वेव्हर ही त्या जाण्याची नुसती पावती होती. म्हणून वेव्हरच्या दिवसावरून जनरल मॅनेजरला शिव्या घालणारे आणि त्याच दिवसावरून त्याची पाठराखण करणारे, दोघेही चुकीच्या तारखेवर भांडत आहेत.

वेव्हर म्हणजे काय, यावर आपल्या पत्रात थोडा गोंधळ दिसला, तेव्हा तो आधी निस्तरू. एनएचएलच्या संघाला हंगाम सुरू होताना जास्तीत जास्त २३ खेळाडू ठेवता येतात आणि त्यांतले २० जण सामन्यासाठी कपडे चढवतात: १८ स्केटर आणि २ गोलरक्षक. सहसा १२ फॉरवर्ड, म्हणजे तिघातिघांच्या चार फळ्या, आणि ६ बचावपटू अशी विभागणी असते. उरलेले तिघे वर गॅलरीत बसून सामना पाहतात. ज्याला खाली एएचएलमध्ये, म्हणजे दुय्यम लीगमधल्या आपल्या संलग्न संघाकडे पाठवायचे असेल आणि ज्याची वेव्हरविना पाठवण्याची सवलत संपली असेल, त्याला आधी बाकीच्या सगळ्या संघांपुढे मांडावे लागते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हरमलच्या मिरच्या घेऊन बसलेल्या बाईला निदान भाव सांगता येतो आणि गिऱ्हाईक आवडले नाही तर तोंड फिरवता येते. वेव्हरच्या बाजारात तेवढीही सोय नाही. माल मांडायचा, पण ना भाव सांगायचा, ना गिऱ्हाईक निवडायचे. एकाहून अधिक संघांनी मागणी केली तर गुणतक्त्यात सर्वांत खाली असलेल्याचा हक्क पहिला, आणि १ नोव्हेंबरच्या आधी हा तक्ता मागच्या हंगामाचा धरतात. खेळाडू उचलला गेला तर बदल्यात ना दुसरा खेळाडू मिळतो, ना ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपातली, निवड. कोणीच हात वर केला नाही, तर तो मुकाट्याने खाली जातो, आणि बहुतेकांच्या बाबतीत हेच घडते.

आता त्या सवलतीचे गणित पाहा, कारण माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. १८ व्या वर्षी पहिला करार केलेल्या स्केटरला ५ वर्षे किंवा १६० सामने, आणि १९ व्या वर्षी करार केलेल्याला ४ वर्षे किंवा १६० सामने, यांपैकी जे आधी पुरे होईल तोवर वेव्हरविना खाली-वर करता येते. फार लहान वयात वरच्या संघाकडून नियमित खेळू लागलेल्यांची मुदत याहून कमी होते, पण आपल्या मुलाच्या बाबतीत तो प्रश्न आला नाही. त्याने १९ व्या वर्षी सही केली, चार हंगाम बहुतेक खालीच काढले आणि २३ व्या वर्षी सवलत संपली. याचा अर्थ असा, की हा ऑक्टोबर उजाडणार आहे हे संघाच्या कार्यालयाला सही झाली त्या दिवसापासून ठाऊक होते. भाडेकराराची तारीख माहीत असलेल्या माणसाने घरमालक दारात उभा राहिल्यावर ‘अरे, हे कसे झाले?’ असे म्हणू नये. तरीही हे दरवर्षी म्हटले जाते, आणि केवळ पाठीराखेच म्हणतात असे नाही.

त्यामुळे विचारायचा प्रश्न एकच: सवलतीच्या शेवटच्या वर्षात संघाने त्या मुलाचे काय केले? त्या वर्षी त्याला हंगामाच्या उत्तरार्धात सलग दहा-पंधरा सामने देऊन पाहिले असते, तर तो वरच्या दर्जाचा आहे की नाही याचे उत्तर मिळाले असते. नाही असे ठरले असते, तर उन्हाळ्यात, म्हणजे त्याच्या नावाला थोडी किंमत असताना, त्याच्या बदल्यात काहीतरी पदरात पाडून घेता आले असते. आपण दिलेल्या माहितीप्रमाणे यांतले काहीच झाले नाही. त्याला तुकड्यातुकड्यांनी ४१ सामने मिळाले, तेही चौथ्या फळीत. तिथे मिनिटे आठ-दहाच मिळतात आणि शेजारी खेळणारे दोघे प्रतिस्पर्ध्याला रोखण्यासाठी असतात, गोल करण्यासाठी नव्हे. ३ गोलांच्या आकड्यावर बोट ठेवणाऱ्या तटाने एवढे ध्यानात घ्यावे. नेमबाजाला द्वारपाल करून उभे करायचे आणि वर्षाअखेर त्याच्या नावावर बळी किती ते मोजायचे, असला हा प्रकार आहे.

पण म्हणून दुसऱ्या तटाने विजयाचे ढोल वाजवू नयेत. कधी कधी संघ काहीही वावगे करत नाही आणि तरीही हिरा जातो. गुस्ताव फोर्सलिंगचे उदाहरण घ्या. हा स्वीडनचा बचावपटू २०१४ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत निवडला गेला, व्हँकुव्हर, शिकागो असे करत कॅरोलायनाकडे आला आणि २०१९-२० चा पूर्ण हंगाम त्याने खालच्या लीगमध्ये काढला. जानेवारी २०२१ मध्ये कॅरोलायनाने त्याला वेव्हरवर ठेवले, फ्लोरिडाने उचलले. पुढे तो फ्लोरिडाच्या पहिल्या जोडीतला बचावपटू झाला, २०२४ मध्ये त्याला आठ वर्षांचा करार मिळाला आणि २०२४ व २०२५ असे दोन स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदे, त्याने उचलले. कॅरोलायनाच्या जखमेवर मीठ म्हणजे २०२३ आणि २०२५ या दोन्ही वर्षी त्यांना कॉन्फरन्सच्या, म्हणजे अर्ध्या लीगच्या, अंतिम फेरीत हरवणारा संघ फ्लोरिडाच होता. आज मागे वळून पाहिले तर ही घोडचूक वाटते. पण जानेवारी २०२१ मध्ये कॅरोलायनाच्या बचावफळीत स्लेविन, हॅमिल्टन, पेशी आणि स्केई असे पक्के बचावपटू होते. चांगल्या संघात जागा नसते, आणि जागा नसली की शहाणा माणूससुद्धा चांगला खेळाडू गमावतो. त्या दिवशी कॅरोलायनाच्या जनरल मॅनेजरने फोर्सलिंगला ठेवून कोणाला काढायला हवे होते, याचे उत्तर मला आजही देता येत नाही.

गोमंतकीय वाचकाला हे पटवण्यासाठी बर्फापर्यंत जायचीही गरज नाही. आपल्या एफसी गोवा या फुटबॉल संघाचे २०१७ ते २०२० हे दिवस आठवा. पुढे स्ट्रायकर कोरोमिनास उभा होता, ज्याने २०१७-१८ मध्ये १८ आणि पुढच्या हंगामात १६ गोल करून लागोपाठ दोनदा सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. त्याच्या मागे बाकावर मनवीर सिंग आणि लिस्टन कुलासो होते. लिस्टन जानेवारी २०२० मध्ये हैदराबादला गेला, तिथून २०२१ मध्ये मोहन बागानला, आणि २०२१-२२ च्या हंगामात त्याने ८ गोल केले. मनवीरही २०२० मध्ये कोलकात्याला गेला आणि तिथेच नावारूपाला आला. फातोर्ड्याच्या गॅलरीत लोक अजूनही या दोघांची नावे घेऊन हळहळतात. पण ज्या हंगामात लिस्टन गेला, त्याच हंगामात गोवा साखळीत अव्वल येऊन आशियाई चॅम्पियन्स लीगला पात्र ठरला, हे हळहळताना कोणी सांगत नाही. कोरोमिनासला बसवून लिस्टनला खेळवा, असे तेव्हा जर कोणी म्हटले असते, तर त्याला याच गॅलरीने खाली उतरवले असते. कुठल्याही संघाच्या नोंदवहीत त्या वर्षीचे यश आणि पुढच्या पाच वर्षांचा पश्चात्ताप एकाच पानावर नसतात.

याउलट जिथे मला संघाचा दोष स्पष्ट दिसतो, ते उदाहरण ईली टोल्वानेनचे आहे. नॅशव्हिलने २०१७ मध्ये त्याला पहिल्या फेरीत, ३० व्या क्रमांकावर निवडले होते. नेमका, झटपट फटका हे त्याचे भांडवल. पाच वर्षे झाली तरी त्याचे काय करायचे हे ठरले नाही, आणि डिसेंबर २०२२ मध्ये, हंगामात अवघे १३ सामने आणि २ गोल झालेले असताना, त्याला वेव्हरवर टाकले. सिॲटलने उचलले आणि उरलेल्या हंगामात ४८ सामन्यांत त्याने १६ गोल केले. सिॲटल त्या वर्षी बाद फेरीत पोहोचले, तिथे गतविजेत्या कोलोरॅडोला त्यांनी घरी पाठवले, आणि नॅशव्हिल थोड्या गुणांनी बाहेर राहिले. कॅरोलायनाकडे जागा नव्हती. नॅशव्हिलकडे जागा होती, गोलांची गरजही होती, पण त्या मुलाला नेमके कोणते काम द्यायचे याची कल्पना नव्हती. आपल्या संघाचे प्रकरण मला या दुसऱ्या जातीचे वाटते, कारण त्याला सोडून तेरावा फॉरवर्ड म्हणून ठेवलेला गृहस्थ, आपणच लिहिल्याप्रमाणे, ३४ वर्षांचा आहे आणि त्याच बाजूने खेळतो.

मायकेल ग्रॅबनरचा दाखलाही पाठीराखे हटकून देतात, म्हणून त्याबद्दल दोन वाक्ये. फ्लोरिडाने ऑक्टोबर २०१० मध्ये सोडलेल्या या ऑस्ट्रियन विंगरने न्यूयॉर्क आयलंडर्सकडून त्याच हंगामात ३४ गोल ठोकले, हे खरे. पण आयलंडर्स तेव्हा तळाच्या संघांत होते, त्यांच्याकडे त्याला भरपूर वेळ बर्फावर ठेवण्याची चैन होती, आणि ३४ चा आकडा ग्रॅबनरला पुढच्या कारकिर्दीत पुन्हा गाठता आला नाही.

आता माझ्या स्वतःच्या वहीतले एक पान उघडतो, कारण दुसऱ्यांच्या चुका मोजणे सोपे असते. बरीच वर्षे झाली या गोष्टीला. आमच्या संघात पेडणे तालुक्यातला १९ वर्षांचा एक मुलगा होता, डाव्या बाजूचा फॉरवर्ड, पायात वीज. पहिल्या बसने यायचा. स्टिकची ग्रिप उसवली होती, तिच्यावर त्याने वायरमनची काळी टेप गुंडाळलेली असायची. मैदानी हॉकीत बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, त्यामुळे बाकावरच्या मुलाला वेळ न देण्याला खरे तर सबब उरत नाही. पण माझ्याकडे एक सबब होती. पेनल्टी कॉर्नर मिळाल्यावर तो पुरा होईपर्यंत बदली करता येत नाही, आणि हा मुलगा कॉर्नरच्या कामाचा नव्हता: ना चेंडू आत ढकलण्याचा हात, ना अडवण्याचा. तो मैदानात असताना कॉर्नर मिळाला तर माझा एक माणूस कमी, या भीतीने मी त्याला बाहेरच ठेवत गेलो. त्या मोसमात आम्ही ९ सामने खेळलो. वहीत त्याच्या नावापुढे शिसपेन्सिलीने लिहिलेली मिनिटे अशी आहेत: ४, ०, ६, ०, १६, ०, २, ४, १५. एकूण ४७, आणि त्यांतली ३१ अशा दोन सामन्यांत, जिथे निकाल आधीच लागून गेला होता.

त्या ७ व्या सामन्यातल्या २ मिनिटांची गंमत सांगण्याजोगी आहे. पहिले पाच सामने तो शिनगार्ड बांधून, स्टिक गुडघ्यांवर आडवी ठेवून बाकाच्या टोकाला बसायचा. सहाव्या सामन्यात माझे लक्ष गेले तर शिनगार्ड पिशवीतच होते. मी पाहिले आणि काही बोललो नाही. सातव्या सामन्यात आमचा डावा फॉरवर्ड लंगडू लागला, मी याला हाक मारली, आणि हा खाली वाकून शिनगार्डचे पट्टे शोधत बसला. तो तयार होईस्तोवर क्वार्टर संपत आला होता, म्हणून तिथे २ आहे. पुढच्या मोसमात तो दुसऱ्या क्लबकडे गेला आणि तिथे डाव्या बाजूने जवळजवळ पूर्ण वेळ खेळू लागला. आमच्या समितीने मला बोलावून विचारले, की सोडपत्रावर सही होताना तुम्ही विरोध का केला नाही. त्यांच्या दृष्टीने तो सहीच्या दिवशी गेला होता. माझ्या वहीप्रमाणे तो सहाव्या सामन्यातच गेला होता, आणि तेव्हा त्याला परत आणायला पाच मिनिटांचे बोलणे आणि क्वार्टरभराचा खेळ पुरला असता. कॉर्नर अडवायला शिकवणे तर माझेच काम होते.

आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे, की त्याला खाली पाठवायचे नव्हते तर तेरावा फॉरवर्ड म्हणून वरच का ठेवला नाही. पैशांची अडचण फारशी नव्हती. २०२५-२६ मध्ये संघाच्या पगाराची कमाल मर्यादा ९ कोटी ५५ लाख डॉलर होती आणि खेळाडूचा किमान पगार ७ लाख ७५ हजार, त्यामुळे असा मुलगा हिशेबात जड जात नाही. अडचण त्याच्या वयाची आहे. २३ वर्षांच्या खेळाडूला खाली ठेवले तर तो पहिल्या फळीत भरपूर खेळतो. वर गॅलरीत बसवले तर सराव करतो, विमानातून फिरतो आणि सामन्याच्या दिवशी कोट-टाय घालून बसतो. महिन्याभरात पाय जड होतात, आणि त्याहून लवकर मन जड होते. म्हणूनच प्रशिक्षक तेराव्या जागी मुरलेला म्हातारा पसंत करतात. पंधरा दिवस न खेळताही तो उभा राहिला की आपले काम चोख करतो. या पसंतीला मी चूक म्हणणार नाही. पण ती करताना मुलाची सवलत संपलेली आहे हे माहीत असेल, तर त्याच्यासाठी चौथ्या फळीऐवजी तिसरीत जागा काढणे किंवा उन्हाळ्यातच त्याचा सौदा करणे, एवढे दोनच मार्ग उरतात. कोणीच उचलणार नाही अशी आशा धरणे हा तिसरा मार्ग संघाने धरला. त्यातही अगदीच वेडेपणा नव्हता, कारण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सगळेच संघ माणसे कमी करत असतात आणि दुसऱ्याचा मुलगा घ्यायला स्वतःचा एक काढावा लागतो. मात्र अशा गर्दीतही कोणी हात वर केला, तर त्या संघाने त्याच्यावर बरेच दिवस डोळा ठेवला होता असे समजावे.

तो परत येऊ शकेल का, याचे उत्तर ‘होय, पण’ असे आहे. नव्या संघाला तो खाली पाठवायचा झाला तर त्यांनाही त्याला पुन्हा वेव्हरवर ठेवावे लागेल. त्या वेळी आपल्या संघाने मागणी केली आणि मागणारे ते एकटेच असले, तर त्याला थेट एएचएलमध्ये पाठवण्याची मुभा त्यांना मिळते. असे घडल्याची उदाहरणे आहेत, म्हणून मंडळातल्या आशावादी सदस्यांनी डिसेंबरपर्यंत रात्री साडेबारापर्यंत जागायला हरकत नाही. तिथे दुपारी दोनला मुदत संपते, तेव्हा घड्याळे मागे गेल्यानंतर आपल्याकडे तीच वेळ असते.

तोवर भांडण मिटवण्यासाठी एक काम करा. एनएचएल प्रत्येक सामन्यानंतर प्रत्येक खेळाडू किती मिनिटे बर्फावर होता ते जाहीर करते. नव्या संघाकडून तो पहिले १० सामने खेळला, की त्याची मिनिटे आणि त्याच्या फळीतल्या इतर दोघांची नावे एका कागदावर उतरवून मला पाठवा. गोल लिहू नका. आकडे आठ-नऊवर रेंगाळत असतील, तर ३ गोलांवर बोट ठेवणारा तट निदान अर्धा बरोबर होता असे मी लिहून देईन. १४-१५ मिनिटे दिसली आणि शेजारी गोल करणारे खेळाडू दिसले, तर आपल्या संघाच्या गेल्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमधल्या सामन्यांची मिनिटेही सोबत पाठवा, म्हणजे तो नेमका कोणत्या सामन्यात गेला ते आपण मिळून शोधू.